आकारामचा सोमवार

गडमुडशिंगीत आमच्या शेजारी बनाबाई राहत. बोलणं थोडं, पण सोमवारचा उपास कधी चुकवला नाही. त्यांच्या बैलांनाही सोमवारी जू लावत नसत. महादेवाचा वार, नंदीला विसावा.

त्यांचा मुलगा आकाराम पळायचा. त्रेपन्न सालच्या कोल्हापूर ते जोतिबा शर्यतीत वाटेतल्या केर्लीजवळ त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि लोकांनी त्याला बैलगाडीत घालून घरी आणला. गाव हसलं. पुढच्या साली डोंगर गाठायचाच, म्हणून तो सकाळ-संध्याकाळ पळू लागला. मधल्या वेळात औत होतंच. पाय सुजले, झोप उडाली, पळणं उलट मंदावलं. वडील गणपतरावांना वाटे, पोरगं आळसावलं.

एका सोमवारी बनाबाईंनी त्याला गोठ्यात नेलं. बैल रवंथ करत बसले होते.

"ह्यास्नी कोण आळशी म्हंतंय?"

"मी काय बैल हाय व्हय, आई?"

"बैल असतास तर कवाच बसला असतास."

तरी ऐकेना. मग त्यांनी त्याला देवळात नेऊन पिंडीवर बेल वाहायला लावला आणि कबूल करून घेतलं, सोमवारी पळायचं नाही की औत धरायचं नाही. त्या दिवशी त्या पायांना तेल चोळत, ऊन पाण्यानं शेकत, आंबील देत आणि पोटभर झोपू देत. महिन्याभरात सूज उतरली.

पुढच्या साली शर्यत रविवारी ठरली. पण शहरात त्याच दिवशी मोठी सभा भरायची ठरली आणि शर्यत सोमवारवर गेली. हे शनिवारी कळलं. आकाराम जेवला नाही. पळावं तर देवाला दिलेला शब्द मोडतो, न पळावं तर वर्ष वाया. गणपतराव म्हणाले, आता महादेवालाच पळीव.

बनाबाई रविवारी उजाडताच देवळात जाऊन आल्या. आकारामला अंथरुणातून उठू दिलं नाही. तेल, शेक, आंबील, सगळं सोमवारसारखंच केलं.

"तुजा सोमवार आज झाला," त्या म्हणाल्या. "देवाला सांगून आलोय मी."

दुसऱ्या दिवशी आकाराम डोंगर चढला. नंबर आला नाही, पण गाडीत घालून आणावं लागलं नाही. चालत घरी आला.

मंगळवारी सकाळी तो बैल सोडायला गोठ्यात गेला. गणपतरावांनी त्याच्या हातातला कासरा काढून घेतला.

"काल पळालास न्हवं? बस जा."

मग आत येऊन त्यांनी बनाबाईंना विचारलं, तेलाची वाटी कुठं ठेवलीय.