डॅशपुढची जागा

कसबा बावड्यातल्या त्या शाळेत नववीच्या मुलांना शुक्रवारी शेवटचा तास इंग्रजीचा असे. वेळापत्रकात इंग्रजी, मुलांच्या तोंडी मात्र ‘विचाराचा तास’. त्या तासाला उदयसिंह खोत सर पुस्तक उघडत नसत. एका मुलानं कुणा थोर माणसाचा विचार इंग्रजीत फळ्यावर लिहायचा, खाली डॅश मारून त्याचं नाव घालायचं आणि मग सगळ्या वर्गानं तास संपेपर्यंत त्या विचाराशी भांडायचं. भांडण कुठल्याही भाषेत चाले. “डोकं मराठीत तापू दे,” सर म्हणत, “लिहिताना इंग्रजीत थंड करा.”

नियम एकच, आणि तो कडक. नाव नाही तर विचार नाही.

या नियमाला जुनं कारण होतं. सर मूळचे मलकापूरचे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथं येणाऱ्या कॅलेंडरांच्या पानांवरचे विचार लहानगा उदय एका निळ्या वहीत उतरून काढायचा. नावं बारीक अक्षरात असायची, ती तो सोडून द्यायचा. पुढं कोल्हापुरात एम.ए.च्या तोंडी परीक्षेत त्यानं त्यातलाच एक विचार मोठ्या ऐटीत म्हटला. समोरच्या प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, “हे कोण म्हणालं?” उदयला सांगता आलं नाही. प्राध्यापक नुसते हसले. त्या हसण्याला आता तीस वर्षं झाली होती. निळी वही अजून सरांच्या पिशवीत असे, आणि तिच्यात आता प्रत्येक वाक्याखाली नाव होतं.

वर्गात मागून दुसऱ्या बाकावर पवित्रा बसायची. तिचे वडील शिवय्या गावातल्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. सीमेकडच्या गावातून हे कुटुंब चार वर्षांपूर्वी इथं आलं. घरात कानडी, बाहेर मराठी आणि वर्गात इंग्रजी, या तिन्हीच्या मध्ये ती पोर गप्पच राहायला शिकली होती. जुलैमधल्या एका शुक्रवारी मात्र ती आपणहून उठली होती.

“सर, आपल्या शालूमावशी म्हणतात की...”

शालूबाई म्हणजे शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाई. पुढचं वाक्य कुणाला ऐकूच गेलं नाही. “शालूमावशीचा विचार म्हणजे खिचडीच की, सर!” असं यशराज ओरडला आणि वर्ग फुटला. सरही हसले. मग म्हणाले, “चांगलंय, बाळ. पण एखादं मोठं नाव शोधून आण.” पवित्रा खाली बसली. त्यानंतर पाच महिने तिनं हात वर केला नाही.

डिसेंबरात तिची पाळी आली तेव्हा ती फळ्याशी गेली आणि लिहून परत आली. वाक्याचा अर्थ असा होता: सगळ्यांना वाढून झाल्यावर जी भूक उरते, ती आपली खरी भूक. खाली डॅश, आणि नाव होतं डेल्मोरस.

सरांनी वाक्य दोनदा वाचलं. निळ्या वहीत असलं काही नव्हतं.

पैलवानकी करणारा अमरसिंह आधी उठला. “म्हणजे सर, मी पहिल्या पंगतीला बसलो तर माझी भूक खोटी?”

“तुझी खोटी न्हाय रं,” यशराज म्हणाला, “पर ती भूक हाय का म्हैस, ते बघाय पायजे.”

हसणं ओसरलं आणि पवित्रा उभी राहिली. “आधी लागते ती ताट बघून लागते, सर. वास येतो, शेजारचा खात असतो, म्हणून लागते. सगळ्यांचं झालं की बघायला कोण नसतं, वासाचीही सवय झालेली असते. तेव्हाही लागली, तर ती आपली.”

एवढं सलग ती आजवर कुणाशी बोलली नव्हती. मग भूक मागं पडली आणि वर्ग भलतीकडंच पोचला. बक्षीस खरंच हवं असतं, की दुसऱ्याला मिळालं म्हणून हवं वाटतं? डॉक्टर व्हायचंय ते आपल्याला, की आपल्या मामाला? घंटा झाली तरी कुणी दप्तर उचलेना.

जाता जाता अमरसिंहानं विचारलं, “सर, ह्यो डेल्मोरस कोण वो?”

सरांना ठाऊक नव्हतं. पण वर्ग इतका रंगला होता, आणि तीस वर्षांपूर्वीचं ते हसू अजून कुठंतरी दबा धरून बसलं होतं. “ग्रीक,” ते म्हणाले. “फार जुना. अगदी साधा राहायचा.”

पवित्रानं चमकून त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सरांना वाटलं, लाजली.

शाळेची एक पद्धत होती. दर वर्षी स्नेहसंमेलनाआधी रस्त्याकडच्या भिंतीवर एक विचार मोठ्या अक्षरांत रंगवायचा, वर इंग्रजी, खाली मराठी. या वर्षी निवड खोत सरांकडं होती. त्यांनी मुख्याध्यापक हंबीररावांना डेल्मोरसचं वाक्य दिलं. हंबीरराव खूश झाले. शनिवारी पाहुण्यांच्या हस्ते भिंतीचं उद्घाटन ठरलं, आणि विचार आणणारी मुलगी म्हणून पवित्रानं पाहुण्यांसमोर दोन शब्द बोलायचं ठरलं.

गुरुवारी पिराजी पेंटरनं वाक्याची अक्षरं संपवली आणि डॅशपाशी थांबून सरांना फोन केला. “सर, नावाखाली जल्म-मरनाचं साल टाकू काय? उठून दिसतंय.”

सर घरी चहा पीत होते. त्यांनी मोबाईलवर नाव शोधलं. पडद्यावर एक चौकोनी पांढरं यंत्र आलं. डेल्मोरस, दुधातलं फॅट तपासण्याचं मशीन, एक वर्षाची वॉरंटी.

त्यांनी पुन्हा शोधलं. पुन्हा मशीनच आलं.

पत्नी स्नेहल खांद्यावरून डोकावली. “अहो, तुमचा ग्रीक दूध डेअरीत कामाला हाय की!” आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

सर हसले नाहीत. दूध संस्था, शिवय्या, पवित्रा, सगळं एका क्षणात जुळलं. मग जुलैतलं ते अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं, आणि ती चमकून का बघत होती तेही कळलं. तिनं यंत्रावरचं नाव लिहिलं होतं. पण ‘साधा राहायचा’ हे सरांनी सांगितलं होतं.

“पोरीला रागवणार?” स्नेहलनं विचारलं.

“कुठल्या तोंडानं?” सर म्हणाले. “पण वर्गात सांगितलं तर ती पुन्हा तोंड मिटून घेईल. न सांगता भिंत रंगवली तर जन्मभर तिला वाटेल, की बोलायचं तर दुसऱ्याच्या नावानं.”

पिराजीला त्यांनी एवढंच कळवलं की डॅश मार आणि थांब.

शुक्रवारच्या तासाला सरांनी कुणाला फळ्याशी बोलावलं नाही. खडू हातात घेऊन ते स्वतःच उभे राहिले. “मागं मी सांगितलं की डेल्मोरस ग्रीक होता. मला माहीत नव्हतं. तुमच्यासमोर लहान व्हायला नको म्हणून ठोकून दिलं. असा कुणी ग्रीक नाही.” पवित्राकडं त्यांनी पाहिलंही नाही.

मागं बाक वाजला.

“सर, ते आमच्या संस्थेतलं मशीन हाय,” पवित्रा म्हणाली. “वाक्य शालूमावशींचं हाय. आठवीत होते तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही शेवटी का जेवता? तेव्हा म्हणाल्या. जुलैत सांगत होते, पण नाव मोठं पायजे म्हणाला तुम्ही.”

यशराज ओरडला, “आयला, आम्ही तासभर मशीनसंगं भांडलो व्हय?” वर्ग कोसळला. पण या खेपेला पवित्राही हसत होती.

“मशीनसंगं कुठं?” अमरसिंह म्हणाला. “वाक्यासंगं भांडलो की. त्या दिवशी ते शहाणं हुतं, मग आज खिचडी कसं झालं? सांगा की, सर.”

सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला, आणि उरलेला तास त्याच्यावर गेला. यशराजनं शेवटी कबूल केलं की जुलैत त्यानं पूर्ण वाक्य ऐकलंच नव्हतं. “ऐकलं असतं तरी हसलो असतो,” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “तवा ग्रीक नव्हता ना.”

शाळा सुटल्यावर सर पवित्राला घेऊन स्वयंपाकाच्या शेडकडं गेले. शालूबाई मोठं पातेलं आडवं घालून घासत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी हाताची राख झटकली.

“माझं नाव? भिंतीवर?” त्या म्हणाल्या. “न्हाय बाबा. भिंतीवरची नावं समदी मेलेल्यांची असत्यात. मी जित्ती हाय की अजून.”

“मावशी, वाक्य तुमचं आहे. दुसऱ्याचं नाव कसं घालू?”

“मग कुणाचंच घालू नगा. आन् सर, उद्या खिचडीत मीठ कमी पडलं तर पोरं भिंतीकडं बोट दाखवतील. बघा, थोर बाई आळणी शिजवत्यात!” त्यांनी पवित्राच्या पाठीवर ओला हात ठेवला. “मी गेल्यावर बघा काय ते. जागा ठेवा तेवढी.”

सरांनी तीस वर्षांच्या नियमाकडं एकदा मनातल्या मनात पाहिलं आणि मग पिराजीला फोन लावला. “नाव नको. डॅश राहू दे. पुढं हातभर जागा सोड.”

“नुसता डॅश? लोक मला येडा म्हणतील, सर.”

“मला म्हणतील. तू सोड.”

शनिवारी पाहुणे आले, हार झाले, पडदा बाजूला झाला. हंबीररावांना सरांनी सकाळीच सगळं सांगितलं होतं, तरी त्यांचा जीव त्या कोऱ्या जागेत अडकला होता. पाहुण्यांनी वाक्य मोठ्यानं वाचलं, मान डोलावली, आणि डॅशपाशी त्यांचं बोट थांबलं.

“पेंटरकडून नाव टाकायचं राहिलंय वाटतं?”

दूर उभा असलेला पिराजी दुसरीकडं बघू लागला. हंबीररावांनी खोत सरांकडं पाहिलं. सरांनी पवित्राकडं पाहिलं.

ती पुढं आली. तिच्या हातात लिहून आणलेला कागद होता, तो तिनं उघडला नाही.

“राहिलं न्हाय, साहेब. ठेवलंय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “ज्यांचं वाक्य हाय त्या अजून जेवायच्या हायेत.”

पाहुण्यांना कळलं नाही. नववीच्या मुलांना कळलं. त्यांची तोंडं एकदम शेडकडं वळली. तिथं सातवीची शेवटची पंगत उठत होती, आणि शालूबाई पातेल्याच्या तळाची खिचडी आपल्या ताटात काढून घेत होत्या.