खाली बसलेलं तेल

तेलकट कढई अर्धी घासून वन्सं थांबल्या. "वहिनी, आज मी माती खाल्ली."

त्यांच्या प्रयोगशाळेत लाकडाचा भुसा तापवून इंधनाचं तेल काढतात. सोबत पाणीही निघतं आणि हे तेल त्या पाण्याखाली बसतं. वन्संनी मात्र घाईत स्वयंपाकघरातल्यासारखं वरचा थर तेल समजून ठेवला आणि खालचा मोरीत सोडला. अहवाल तर उद्याच द्यायचा होता.

"काही भुसा वायू होऊन उडतोच ना? तूट त्याच्या नावावर टाका. कोणाला कळणार?" मी म्हटलं.

"तुमच्या देवाला," वन्सं हसल्या. "साहेबांना सांगून आले, चूक माझी, पुन्हा करते."

रोज हात जोडते मी, पण वेळेला देव आठवला त्यांना.

कढई विसळून त्या सुताराकडे नवा भुसा आणायला निघाल्या.