रामटेकेभाऊंचा शिंपी

"तुमचे ते उमरेडवाले वारले ना गा, बाबू," सदर भागातल्या बारचा मालक ग्लास पुसता पुसता म्हणाला. मंगळवार होता, टीव्हीवर मालिका सुरू व्हायची होती आणि मी दाराकडेच बघत होतो... आज तरी रामटेकेभाऊ येतील म्हणून. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्यालाही तोवर नऊ दिवस झाले होते. आता दीड महिना होतोय आणि मला हे कुणाला तरी सांगायचंच आहे, म्हणून एका दमात लिहितोय.

तशी आमची ओळख ती केवढी. मला त्यांचं पहिलं नावही माहीत नव्हतं. त्या बारमध्ये एकाच टेबलावरून टीव्ही नीट दिसायचा आणि एका मंगळवारी तिथे पन्नाशीचा एक दणकट माणूस आधीच बसलेला. "बस ना गा बाबू, पण बोलू नको, सुरू होऊन राहिलं," एवढंच म्हणाला. मालिका एका म्हाताऱ्या शिंप्याची आणि त्याच्या भरल्या घराची. शिंपी सुनेवर चिडला तर हा माणूस टीव्हीलाच म्हणतो, "काहून खेकसून राहिला रे बुढ्या? सकाळपासून राबून राहिली ते पोरगी." मी हसलो, ते हसले... झालं, जमलं आमचं.

ते उमरेडच्या कोळशाच्या खदानीत होते. वस्तीत टीव्ही नव्हता म्हणून एसटीनं यायचे, एका बिअरवर अख्खी मालिका बघायचे आणि परत. आणि दुसऱ्या दिवशी खदानीत सांगायचे. सुरुंग उडवायच्या वेळी सगळ्यांना लांब पत्र्याच्या शेडमध्ये बसवतात, भोंगा होईपर्यंत. तेवढ्या वेळात भाऊ कालचा भाग ऐकवायचे, आवाज काढून, सुनेचासुद्धा. दुपारची पाळी असली की त्यांना येता यायचं नाही. मग मी मंगळवारी बघायचो आणि बुधवारी सकाळी चिठ्ठी लिहून उमरेडच्या कंडक्टरजवळ द्यायचो. भाऊ ती शेडमध्ये वाचायचे. काय भारी वाटायचं मला...

आणि मीच घाण केली. शिंपी दवाखान्यात, वाचतो की नाही अशा जागी गोष्ट थांबलेली. नेमका पुढचा भाग माझा हुकला, साहेबानं ऑफिसात बसवून ठेवलं. आणि त्या आठवड्यात भाऊंची दुपारची पाळी. हुकला असं लिहायची लाज वाटली. शेड वाट बघत असणार... दिलं ठोकून. म्हातारा वाचला, घरी आला, मशीनवर बसला.

पुढच्या मंगळवारी भाऊ आले. टीव्ही लागला आणि भिंतीवर शिंप्याचा फोटो, हार घातलेला. भाऊ फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"जिलेबी वाटली ना गा आम्ही शेडमंधी. बुढा वाचला म्हणून."

"भाऊ, मी तो भाग पाह्यलाच नव्हता."

"मंग तसं लिहाचं ना. आता काय तोंड दाखवू मी त्यायले?"

अर्धी बिअर तशीच ठेवून उठले. पुन्हा आले नाहीत. मीही शरमेनं चिठ्ठी पाठवली नाही. आणि मग ती बातमी.

म्हणजे माझ्यावर रागावूनच गेले... हे पोटात घेऊन उमरेडला गेलो. भाऊंच्या घरासमोर त्यांच्या पाळीतले सात-आठ जण बसले होते. मी सदरहून आलो म्हटल्यावर वहिनी त्यांना म्हणाल्या, "हेच ते चिठ्ठीवाले बाबू." मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर एक डंपरवाला सरकून जागा करत म्हणाला, "बरं झालं तुम्ही आले. भाऊनं लय अडचणीच्या जागी सोडलं ना आमाले. बुढा नातीच्या लग्नाचं पोलकं शिवून राहिला होता. एक बाही लागली, दुसरीले कापड पुरून नाही राहिलं."

मालिकेत शिंपी मेलेला. नात तर नव्हतीच कुणी.

"हे... भाऊंनी सांगितलं?"

"सांगतलं म्हणजे? दर बुधवारी तुमची चिठ्ठी वाचत ना ते. कागद कोनाले पाहू नाही देत, पण वाचत मोठ्यानं."

त्या मंगळवारनंतर माझी एकही चिठ्ठी गेलेली नव्हती. भाऊ कसला तरी कागद हातात धरून, माझ्या नावावर, मालिकेत मेलेलं ते माणूस जिवंत ठेवत होते.

"मंग पुरलं का कापड?" डंपरवाल्यानं विचारलं. वहिनीही दारात थांबल्या.

"नाही पुरलं," मी म्हणालो. "मग म्हाताऱ्यानं खुंटीवरचा आपला नवा सदरा काढला... अन् बसला बाही उसवत."

सगळे जरा पुढे सरकले.