मायचा फोटो पेटीतच राह्यला

मंडळी, आज बँकेतून रिकाम्या हातानं आलो. स्वतःचं घर घ्यासाठी कर्ज मागितलं होतं.

साहेब म्हणाले, "तुमच्या नावावर ॲपचं जुनं कर्ज थकलेलं दिसते. आधी ते फेडा, मग या."

मायच्या दवाखान्यासाठी घेतलं होतं ते. माय गेली. वसुलीवाले नातेवाइकांले फोन करून शिव्या देऊ लागले, तवा मी नंबरच बदलला. वाटलं, मिटलं.

आमचा घरमालक भिंतीत खिळा ठोकू देत नाही, म्हणून मायचा फोटो पेटीत असते. आज सकाळीच बायकोनं तो मोठ्या आशेनं बाहेर काढून पुसला होता.

आता तिनं तो परत मायच्याच लुगड्यात गुंडाळला. फोटोले म्हणाली, "आत्याबाई, अजून थोडं थांबा."

असं जुनं कर्ज फेडून कोणाले घर भेटलं का? सांगा ना, मायले अजून किती थांबवू?