कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं

न्युरेम्बर्गमधल्या त्या हिवाळ्यात मी दुपारच्या जेवणाला घाबरायला लागलो होतो.

साडेअकरा वाजले की आमचे ग्रुपलीडर माझ्या टेबलावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "चला, टीम बांधायचीय." टीम म्हणजे बेसबॉलची. ते मूळचे अमेरिकन. तरुणपणी सैन्यातून इथल्या छावणीत आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इंजिनिअर झाले आणि राहिले ते कायमचेच. जीव मात्र अजून त्यांच्या गावच्या टीममध्ये अडकलेला, आणि ती टीम नेमाने हरायची. त्यांना जोडीदार होता आमच्या टेस्ट लॅबमधला एक जर्मन टेक्निशियन. लहानपणी छावणीच्या कुंपणाला नाक लावून त्यानं सैनिकांचे सामने पाहिले होते, आणि त्या वेडातून तो अजून बाहेर आला नव्हता.

टेबलावर उरलेले दोघे आम्ही. मी, आणि माझा सांगलीचा मित्र. दोघंही मधल्या एका कंपनीमार्फत कामावर घेतलेले, म्हणजे 'बाहेरचे'. दोघांचाही करार मार्चअखेर संपणार होता.

हिवाळ्यात बेसबॉल नसतो, पण चाहत्यांचा खरा मोसम तेव्हाच असतो, हे मला तिथे कळलं. ज्या खेळाडूंचा करार संपलाय ते मोकळे होतात. त्यांना फ्री एजंट म्हणतात, आणि कुठलीही टीम त्यांना घेऊ शकते. ग्रुपलीडर इंटरनेटवरून त्यांच्या याद्या छापून आणायचे आणि सुपाच्या वाटीशेजारी पसरायचे.

"हा डावखुरा पिचर, म्हणजे तुमचा बोलर. हात चांगला आहे, पण खांद्याचं ऑपरेशन झालंय."

"वय?" टेक्निशियन विचारायचा.

"तेहतीस."

"सोडा त्याला. दोन वर्षांत घरी बसेल."

मग ग्रुपलीडर आमच्याकडे वळायचे. "तुम्ही क्रिकेटवाले. सांगा, म्हातारा पण भरवशाचा घ्यावा, की तरणा पण सारखा दुखणाईत?" माझा मित्र या वादात माझ्यापेक्षा जास्त रंगायचा. कुणालाच नको असलेल्या एका कॅचरची, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारख्या खेळाडूची, बाजू तो महिनाभर लढवत होता. "गुडघे गेले म्हणून काय झालं? डोकं शाबूत आहे ना त्याचं?"

नोव्हेंबरभर मीही खूप हसलो. डिसेंबरात ऑर्डरी आटल्या. कायमच्या लोकांना कुर्त्सआर्बाइट लागू झालं, म्हणजे कामाचे तास कमी. बाहेरच्यांचं काय, ते कुणी बोलेना. नाताळची सुट्टी संपवून शेजारच्या ग्रुपमधला एक बाहेरचा माणूस कामावर आला, तर फाटकाला त्याचं कार्डच चालेना. थंडीत तो बाहेर उभा होता, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून, आणि आम्ही सगळे त्याच्या शेजारून कार्ड लावून आत गेलो. मीसुद्धा गेलो.

माझ्या पासपोर्टातल्या परवान्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. नोकरी गेली की परवानाही गेलाच. बायकोला सहावा महिना लागला होता. बाळंतपणासाठी नाव घातलेलं हॉस्पिटल ती येता-जाता मला ट्रॅममधून दाखवायची, आणि मी मनात मार्चपर्यंतचे आठवडे मोजायचो.

जानेवारीत एक दिवस ग्रुपलीडर कँटीनकडे निघता निघता म्हणाले, "माझ्या टेबलावर नवीन यादी आहे, तेवढी घेऊन ये." मी गेलो. बेसबॉलचे कागद उचलले, तर खाली आणखी एक कागद. त्यावर दोनच नावं, माझं आणि माझ्या मित्राचं. पुढे रकाने: अनुभव, भाषा, आजारपणाचे दिवस. सर्वांत खाली त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: 'एकच ठेवता येईल.'

तो कागद मी होता तसा ठेवला. मी वरचे कागद घेऊन कँटीनमध्ये गेलो. मित्र कॅचरची बाजू मांडत होता.

मित्राला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला ऑफिसात जायला लागलो. ग्रुपलीडर काही बोलले की ते पुरतं ऐकून घेण्याआधीच "जा, जा, गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये 'हो हो, अगदी बरोबर', करत मान डोलवायला लागलो. आजारपणाच्या रकान्यात मित्राचा आकडा माझ्यापेक्षा मोठा होता, तेवढाच मला आधार वाटत होता. शरद ऋतूत त्याची पाठ धरली होती.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी तो आला नाही. सकाळी त्याचा फोन आला होता. "अरे, पाठ परत दुखतेय, दाखवून येतो. ऑफिसात कुणी विचारलं तर दाताचा डॉक्टर म्हण."

जेवताना ग्रुपलीडरनी विचारलं, "तुझा मित्र कुठे आज?"

मी म्हणालो, "त्याची पाठ परत धरलीय. डॉक्टर बहुतेक ऑपरेशन सांगताहेत."

ऑपरेशनचं कुणी काहीच म्हणालं नव्हतं. तो शब्द माझ्या तोंडून कसा बाहेर पडला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. टेक्निशियन यादीत डोकं घालून बसला होता. ग्रुपलीडरनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी कागद उलटला आणि पुढच्या खेळाडूचं वय वाचलं.

शुक्रवारी मित्र आला. कॉफीच्या मशीनपाशी त्यानं विचारलं, "काय रे, सांभाळलंस ना काल?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं कपात साखर घातली. मग "बरं" म्हणून कप घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. "त्याचं ऑपरेशन आहे?"

"नाही."

"मग सोमवारी जा आणि नाही म्हणून सांग. अरे, त्याच्या मुलीची शाळा आहे इथे."

सोमवारी मी ग्रुपलीडरच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. "गुरुवारी मी चुकीचं बोललो. ऑपरेशन वगैरे काही नाही."

"मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि नाव मी गुरुवारच्या आधीच वर कळवलं होतं. तुझ्या बोलण्यानं काही बदललं नाही."

"कुणाचं नाव?"

"ते मला सांगता येत नाही. शुक्रवारपर्यंत थांब."

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. शुक्रवारी आधी मला बोलावलं. मार्चनंतर माझा करार वाढणार नव्हता. ते म्हणाले, "काम तुम्हा दोघांचंही चांगलं आहे. पण सध्या जे चाललंय ते सॉफ्टवेअर त्याला जास्त येतं." मी उठलो, त्यांच्याशी हात मिळवला, आणि जिन्यात जाऊन बसलो. मित्र मला शोधत तिथे आला. शेजारच्या पायरीवर बसून राहिला.

पुढचे दोन महिने त्यानंच माझ्यासाठी धावाधाव केली. हॅम्बर्गला विमानाच्या भागांचं काम करणाऱ्या एका कंपनीत त्याचा कॉलेजचा दोस्त होता. माझा अर्ज त्यानं स्वतः त्याच्याकडे पाठवला, मुलाखतीची तयारी करून घेतली. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, नवा परवाना मिळेपर्यंत तीन वेळा जावं लागलं. तिन्ही वेळा तो बरोबर आला, कारण त्याचं जर्मन माझ्यापेक्षा बरं होतं. तिथल्या बाकावर नंबराची वाट बघत बसलो की परवान्याच्या धास्तीपेक्षाही मला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची: याला कळलं तर?

मार्चच्या शेवटी आम्ही हॅम्बर्गला निघालो. बायकोला गाडीत नीट बसवून मी फलाटावर उतरलो. मित्र दोन बॅगा घेऊन उभा होता.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "जानेवारीत, तू पाठ दाखवायला गेला होतास ना, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्यांनी त्याच दुपारी मला फोन करून विचारलं होतं, ऑपरेशन आहे का म्हणून. आपल्या दोघांच्या नावांचा कागद त्यांच्या टेबलावर तुझ्या नजरेस पडला असावा, असंही म्हणाले."

म्हणजे कॉफीच्या मशीनपाशी त्यानं विचारलं, तेव्हाही त्याला ठाऊक होतं.

"राग आला होता," तो म्हणाला. "चांगला आठवडाभर होता. मग वाटलं, तो कागद आधी माझ्या हाती लागला असता, तर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक."

"पण तू मला तसं कधी जाणवू..."

"पुरे आता. बॅग घे आत. दार बंद होतंय."