प्रस्थान ठेवलेलं बिऱ्हाड

भोरला नदीकाठच्या आळीत दीनानाथरावांचं घर होतं आणि घरामागं भाड्यानं द्यायच्या खोल्यांची एक ओळ. संस्थानच्या दप्तरखान्यात उभा जन्म काढल्यावर पेन्शनीत त्यांनी ती बांधली. गावात कोणी नवी खोली भाड्यानं द्यायला काढली की तो आधी दीनानाथरावांच्या ओट्यावर सल्ल्याला यायचा.

"बिऱ्हाडकरूचा पगार विचारू नये," अडकित्त्यात सुपारी धरून ते सांगायचे. "सामान उतरताना बघावं. पितळी भांडी जास्त असली की माणूस टिकाऊ. पुस्तकं जास्त असली की त्याला छपराची गळती आधी दिसते."

"आणि गळतंय म्हणाला तर?"

"आपलंही गळतंय म्हणावं. दुःख सारखं असलं की माणूस दुरुस्ती मागत नाही. मात्र त्याच्या घरी चहा कधी घेऊ नये. पोटात त्याचा चहा असला की तोंडातून भाड्याचा शब्द निघत नाही."

ऐकणारे माना हलवत, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. पण दीनानाथरावांचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच होता. येणारा केव्हाही येवो, जाणारा मुहूर्तावर गेला पाहिजे. पूर्वी एक शाळामास्तर भर अमावास्येला खोली सोडून गेला होता. नंतर ती खोली पावसाळाभर रिकामी राहिली. तिला खिडकी नव्हती आणि तिचं दार स्मशानाच्या वाटेवर उघडायचं. दीनानाथरावांनी दोष अमावास्येला दिला.

ते लोभी नव्हते. त्यांना हवं होतं ते फार लहान होतं. दप्तरखान्यात ते आयुष्यभर कुणाच्या तरी टेबलापुढं उभे राहिले. समोरचा साहेब लिहीत असायचा आणि ते वाट बघत असायचे. आता त्यांना एक अंमलदार बिऱ्हाडकरू म्हणून हवा होता. महिना भरला की त्यानं चालत यावं, ओट्याशी थांबावं, आणि आपण थोडा वेळ सुपारीच कातरत राहावं. ही इच्छा त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. माणूस आपल्या मोठ्या इच्छा चारचौघांत बोलून टाकतो; लहान इच्छा मात्र खोल पुरून ठेवतो.

आणि तो योग आला. भोरला नवे मुन्सफ, म्हणजे दिवाणी न्यायाधीश, नेमले गेले. त्यांच्या पट्टेवाल्यानं आळीत फिरून दीनानाथरावांची कोपऱ्यावरची मोठी जागा पसंत केली. त्या जागेत रघुवीरराव राहायचे. ते जंगल खात्यात कारकून होते आणि त्यांची नुकतीच वेळे या गावी बदली झाली होती. सगळं जुळत होतं, फक्त पंचांग जुळत नव्हतं. मार्गशीर्ष संपत आला होता. पुढं पौष, म्हणजे भाकड महिना. त्याआधी जाण्याजोगा एकच गुरुवार उरला होता, आणि नेमकी रघुवीररावांची बायको शुभा तापानं अंथरुणाला खिळली.

"गुरुवार चुकवू नका," दीनानाथराव म्हणाले. "प्रस्थान ठेवा."

मुहूर्ताला निघणं जमलं नाही तर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचं एखादं वस्त्र गाठोड्यात बांधायचं, जायच्या दिशेला असलेल्या घरी नेऊन ठेवायचं, आणि माणूस निघाला असं समजायचं. मग त्यानं सवडीनं जावं.

"वेळ्याच्या दिशेला पहिलं घर तुमचंच आहे," रघुवीरराव म्हणाले.

"मग माझ्याकडंच ठेवा."

गुरुवारी सकाळी, आधी ठरल्याप्रमाणं, पालीहून गाडीवान गेनबा बैलगाडी घेऊन सामान न्यायला आला होता. त्यानं पाहिलं, रघुवीरराव अंगण ओलांडून गाठोडं घेऊन गेले, आणि मोकळ्या हातांनी परत आले.

"बाड कदी भरायचं?" गेनबानं विचारलं.

"आता घाई नाही. ते निघाले," दीनानाथराव म्हणाले.

"कोन निगालं?"

"रघुवीरराव."

गेनबानं दारात उभ्या असलेल्या रघुवीररावांना नीट न्याहाळलं. "ह्ये तर हितंच हाईत की."

"शास्त्रानं निघाले."

"आसं व्हय. मग माजी गाडीबी शास्त्रानं येळ्याला पोचली म्हना. भाडं टाका."

रघुवीरराव हसले. भाडं दीनानाथरावांनी दिलं, कारण घाई त्यांची होती. त्याच दिवशी त्यांनी मुन्सफांना निरोप धाडला, जागा रिकामी झाली.

पौष लागला. शुभाचा ताप उतरला आणि ती अंगणात केस वाळवत बसू लागली. रघुवीरराव रजेवर होते आणि बदली रद्द व्हावी म्हणून त्यांनी अर्जही केला होता.

"निघताय ना?" दीनानाथरावांनी विचारलं.

"पौषात बिऱ्हाड हलवू म्हणता? तुम्हीच नको म्हणाला होतात."

"पण प्रस्थान ठेवलंय तुम्ही."

"म्हणजे निघालोच आहे. वाटेत आहे असं समजा."

महिना भरला तेव्हा दीनानाथरावांनी भाडं मागितलं. रघुवीररावांनी नम्रपणे हात जोडले. "मी गेलो असं तुम्ही मुन्सफांना कळवलंत. गेलेल्या माणसाकडून भाडं घेतलंत असं त्यांच्या कानावर गेलं तर बरं दिसेल का?"

"ते गाठोडं त्याच्या दारात ठेवून या," दीनानाथरावांची बायको सौदामिनीबाई म्हणाली.

"भलतंच काय? परत दिलं तर तो घरात परत आल्यासारखं होईल. मग मुन्सफांना कुठं ठेवू?"

"आणि आत्ता कुठं आहे तो?"

दीनानाथराव पंचांगाची पानं उलटत राहिले.

अंमलदारांना पौष लागत नाही. एका सकाळी मुन्सफांचं सामान दारात येऊन उभं राहिलं. पट्टेवाल्यानं कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं शुभाची लुगडी वाळत होती. आता 'जागा नाही' म्हटलं तर हा योग आयुष्यात पुन्हा येणार नाही, एवढंच दीनानाथरावांना कळत होतं.

"ती नव्हे," ते घाईनं म्हणाले. "साहेबांसाठी ही जागा ठेवली आहे," आणि त्यांनी आपल्याच घराचं पुढचं दार उघडलं. ओटा, ओसरी, माजघर मुन्सफांकडं गेलं. नवराबायको मागच्या स्वयंपाकघरात सरकली. गाठोडंही त्यांच्याबरोबर गेलं.

मुन्सफांचा पहिला महिना भरला. दीनानाथराव सकाळपासून धुतलेलं उपरणं घेऊन मागच्या दाराशी बसले होते. उन्हं चढल्यावर पट्टेवाला आला.

"साहेबांनी बोलावलंय."

ते बोळातून वळसा घालून पुढच्या दारी गेले. जोडे बाहेर काढले. ओसरीवर मुन्सफ एका निकालपत्रावर काही लिहीत होते. दीनानाथराव टेबलापुढं उभे राहिले. टाक करकरत राहिला. बऱ्याच वेळानं मुन्सफांनी मान वर न करता भाडं पुढं सरकवलं.

"पुढच्या खेपेस दुपारी येत जा. सकाळी मला काम असतं."

"जी, साहेब," दीनानाथराव म्हणाले.

पाठ न दाखवता ते मागं सरत बाहेर पडले. उंबरा कुठं आहे ते वळून पाहावं लागलं नाही. घर त्यांचंच होतं.