काळेखडीला पॅसेंजर थांबली

रेल्वेतली दोन माणसं चहाला बसली की किस्से निघतातच. त्यात आमचं काळेखडी स्टेशन! उजनी धरणाला दगड पुरवायला खाणीजवळ उघडलं, दगडाचं काम संपलं तसं बंद झालं. मी तिथे रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होतो. एवढ्याशा आयुष्यात त्या स्टेशनाने काय काय दाखवलं!

*

उद्घाटनाला सगळा गाव नटूनथटून फलाटावर. पॅसेंजर आली आणि धूर सोडत भरधाव निघून गेली! इथे फक्त दगडाच्या मालगाड्या थांबणार, हे गावाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सरपंच म्हणाले, "स्टेशन हाय का देखावा?"

*

आमचे स्टेशनमास्तर हिरेमठ अक्कलकोटचे. युनिफॉर्मला कायम कडक इस्त्री. एकदा एका धनगराने मेंढरं फलाटावर सावलीला बसवली. मास्तर खवळले, "ही जागा पॅसेंजर लोकांसाठी आहे!"

"मग बसू द्या की. दुसरं कोन येतंय हितं?"

*

मास्तरांची अव्वा, म्हणजे आई, कुर्डुवाडीला लेकीकडे याच पॅसेंजरने जायची. मास्तर हिरवा झेंडा धरून उभे, आणि खिडकीतून अव्वा कानडीत ओरडायची, "निल्लसो!" थांबव की! आईचीच गाडी स्वतःच्या हाताने पुढे घालवायची, मास्तरांचा जीव तुटायचा.

अव्वाही हट्टी. "लेकाच्या स्टेशनात उतरंन, तवाच त्याच्या घरात पाय ठेवीन," असं तिने गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

*

इन्स्पेक्शनला साहेब आले. मास्तरांनी पॅसेंजरच्या थांब्याचा विषय काढला.

"पण इथे उतरणार कोण?"

मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "माझी आई, सर!"

थांबा काही मिळाला नाही.

*

शेवटी स्टेशन बंद करायची ऑर्डर आली. गाडी नसली की सगळे सिग्नल लाल ठेवायचे, हा आमचा नियम. शेवटची मालगाडी गेल्यावर मास्तरांनी नियमाप्रमाणे सिग्नल लाल केले, सिग्नलच्या खटक्यांच्या केबिनला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

सकाळी आम्ही सामान ट्रकमध्ये चढवत होतो. पॅसेंजर आली आणि सिग्नलपाशी उभी! शिट्ट्यांवर शिट्ट्या! इंजिनावरचा फायरमन पळत आला, "मास्तर, सिग्नल द्या की!"

"स्टेशन कालच बंद झालं," मास्तर शांतपणे म्हणाले.

"मग हे लाल कशाला?"

"नियम आहे."

तेवढ्यात फायरमनच्या मागून, डोक्यावर गाठोडं घेऊन, अव्वा रुळाकडेने चालत आली! फलाटावर चढली, पाटीकडे बघितलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "माज्या लेकाचं स्टेशन हाय ह्ये!"

मास्तरांनी ट्रकवरची ट्रंक उघडली, युनिफॉर्मची टोपी काढून डोक्यावर नीट बसवली आणि हात पुढे केला.

"अव्वा, तिकीट?"